फ्रीजचे दार आणि एक ऱ्हस्व उकार

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, छापखान्यातली निवृत्त मुद्रितशोधक, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणीही भरीस न घालता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण शुद्ध शाबूत आहे, आणि शुद्धलेखन तर त्याहून शाबूत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. त्याची कोणाला घाईही नव्हती.

१. दोन खोल्यांचे हे घर आणि बँकेत असेल ती शिल्लक माझ्या धाकट्या भावाला मिळावी. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मी एकोणीस. त्याला मीच वाढवले. तो पर्यटकांची बस चालवतो.

२. माझे शब्दकोश वाचनालयाला द्यावेत. छापखान्याच्या मालकांना एकही देऊ नये. माझ्या निरोपसमारंभाच्या मानपत्रात त्यांनी ‘निवृत्ती’ हा शब्द ‘निवृती’ असा छापला आणि वर मलाच म्हणाले, “चालायचंच हो बाई!” माझे चाळीस वर्षांत चालले नाही.

३. इस्त्री खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना द्यायची होती. परंतु साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून ती कालच देऊन टाकली. सबब ती या मिळकतीत धरू नये.

४. आता फ्रीज. तो जुना आहे आणि मनात आले तरच गार करतो. त्याच्या दारावर एकशे त्रेचाळीस चुंबके आहेत: दीपगृह, झुलता पूल, एका कानाचे लाकडी अस्वल, आणखी कितीतरी. यांतल्या एकाही गावी मी गेलेले नाही. सगळी भावाने आणली. फेरीवरून आला की बूटही न काढता उंबऱ्यातूनच ओरडायचा, “ताई, डोळे मीट! हात पुढे कर!” हातावर चुंबक पडायचे. मी डोळे उघडून आधी त्यावरची अक्षरे तपासायची. एकदा गावाचे नावच चुकीचे निघाले, तर पोट धरून हसला. “अगं, दुकानदाराला सांग ना! मी नुसती गाडी चालवतो.”

५. नऊ वर्षांपूर्वी, मी निवृत्त झाले त्या आठवड्यात, त्याने मला न सांगता नवा फ्रीज आणला. भलामोठा, काचेच्या दाराचा. मी हौसेने पहिले दीपगृह त्यावर लावायला गेले. काचेला चुंबक कुठले चिकटायला! ते खाली पडले आणि त्याचा टवका उडाला. मी हमालांच्या देखत म्हणाले, “कोणी सांगितलं होतं तुला हे आणायला? परत ने.”

तो म्हणाला, “तुला काहीही दिलं तरी तू चुकाच काढतेस.” फ्रीज परत गेला, मागोमाग तोही.

आठ दिवसांनी त्याचे पत्र आले. “ताइ, माझी चुक झाली. आधी विचारायला हवं होतं.” एवढेच. माझ्या हाताला लाल पेनाची सवय. ‘ताइ’ची ई दीर्घ केली, ‘चुक’चा उकार दीर्घ केला. तिथे थांबले असते तरी निभावले असते. पण मी ते पत्र पाकिटात घालून त्याला परत पाठवले. मला वाटले, हसेल.

तो हसला नाही. तेव्हापासून त्याने एक ओळ लिहिली नाही की उंबरा चढला नाही. मात्र दर मोठ्या फेरीनंतर पोस्टाने एक डबी येते. आत चुंबक असते, चिठ्ठी नसते. अशी एकतीस झाली. चिठ्ठीच नाही म्हटल्यावर मी चुका कशात काढणार? डबी आली की मी अजून डोळे मिटून हात पुढे करते. हात तसाच राहतो. मग डोळे उघडून मीच ते दारावर लावते. मला फार एकटे वाटते, हे आजवर कोणाला सांगितलेले नाही. इथे नोंदवून ठेवते.

पत्र लिहायला मी अनेकदा बसले. दर वेळी शुद्धलेखन बरोबर आले आणि पत्र फाडावे लागले.

६. हा फ्रीज चुंबकांसह भावाचा. चुंबके त्याने स्वतःच्या हाताने काढावीत. हमालांना हात लावू देऊ नये. डाव्या कोपऱ्यात एकाची जागा मी रिकामी ठेवली आहे.

७. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. तेवढा दम माझ्यात नाही. म्हणून याची एक प्रत आजच रजिस्टर पोस्टाने भावाला जात आहे. सोबत तो लाल पेनही आहे. बाळा, यात जिथे वाटेल तिथे खुणा कर आणि परत दे. पोस्टाने नको, घेऊन ये.

८. शेवटची ओळ आणि सही मी जाणूनबुजून त्याच्या लेखनाप्रमाणे केली आहे. वकील, नक्कल उतरवणारा कारकून किंवा अन्य कोणीही त्यात दुरुस्ती करू नये.

माझी चुक झाली.

सही : ताइ

आमच्यासमक्ष सही केली. शब्द असेच ठेवावेत असे बाईंनी आम्हांला दोनदा बजावले.

साक्षीदार :
(१) खालच्या मजल्यावरची शिंपीण (सही)
(२) छापखान्यातला जुना बाइंडर (सही)

स्थळ : घरी, फ्रीजसमोर
दिनांक : १४ मार्च, पोस्ट बंद व्हायच्या आत