बदकमावशी कधी अडखळत नाही

ता. ३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन केला नाही, कारण आपल्या दोन खोल्यांत नुसतं कुजबुजलं तरी आत्याला ऐकू जातं आणि जे सांगायचं आहे ते आत्याबद्दलच आहे. उत्तर घरी नको, स्टुडिओच्या पत्त्यावर पाठव.

आमचं कार्टून तुझ्या मुली बघतातच, पण ते बनतं कसं हे तुला कधी नीट सांगितलं नाही. आधी आवाज होतो, मग चित्रं. आत्या काचेपलीकडच्या खोलीत माइकपुढे बसून बदकमावशीचं बोलते आणि चित्रकार त्या बोलण्यावर बदकाची चोच हलवतात. मधलं काम माझं. कानाला हेडफोन, समोर लेखकाचं पान. खोकला, कागदाची फडफड, खुर्चीची करकर मी कापून टाकतो आणि बोललेला शब्द न् शब्द पानाशी ताडून पाहतो. नववीत शाळा सुटलेल्याला याहून बरं काम मिळालं नसतं, आणि हेही आत्यानेच मिळवून दिलं.

बदकमावशीची गंमत तुला ठाऊक आहे. तिला जड शब्दांची हौस आणि नेमका जड शब्दच चुकतो. पाहुणे आले की ती त्यांचं 'हार्दिक अतिक्रमण' करते, आणि 'तुमच्या उपकारांची परवड केल्याशिवाय राहणार नाही' म्हणते. या चुका लेखक डोकं खाजवून खाजवून लिहितो आणि आत्या त्या बिनचूक म्हणते. ऱ्हस्व-दीर्घासाठी जिने आपले कान पिळले, तीच बाई चुकीच्या शब्दांसाठी नावाजली जावी, यावर आपण दोघं किती हसलो आहोत.

मागच्या आठवड्यात पानावर होतं, 'तो दिवा जरा मालव.' आत्या म्हणाली, 'तो दिवा जरा निजव.' काचेअलीकडे सगळे खो खो हसले. दिग्दर्शकांनी लेखकाला विचारलं की असं तुला का रे सुचत नाही, आणि वाक्य तसंच ठेवलं. आत्याही हसली. घरी येताना बसमध्ये मात्र तिने एक अक्षर काढलं नाही.

ताई, दिवा, चमचा, दार असल्या शब्दांपाशी बदकमावशी चुकत नाही. तिथे चुकली तर गंमतच उरणार नाही. म्हणून मला हसू आलं नाही. सुट्टीत आत्या तुझ्याकडे होती तेव्हा तुला काही जाणवलं का? असेल ते खरं कळव.

लोभ आहेच, माझ्या किरकिरीने तो आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


ता. ११ फेब्रुवारी

चि. शंकासुरास,
ताईचे अ. उ. आ.

लोक शितावरून भाताची परीक्षा करतात, तू आख्खं पातेलं उपसतोस. पत्र वाचून तुझे भावजी म्हणाले की या मुलाला पोलिसात घ्यायला हवा होता. इकडे सगळं ठीक. धाकटीचा पुढचा दात पडलाय, त्यामुळे सध्या आमच्या घरातही एक बदकमावशी आहे.

खरं विचारलंस म्हणून लिहिते. इथे असताना एकदा आत्या हातात कुलूप धरून दाराशी नुसती उभी होती. किल्ली शोधतेस का, असं विचारलं तर चिडून म्हणाली की मला माहीत आहे तिला काय म्हणतात ते. मी तर काहीच म्हटलं नव्हतं. भावजींना तिने दोनदा बाबांच्या नावाने हाक मारली. मी थट्टा समजले. की थट्टा समजायचं ठरवलं, कोण जाणे.

पण तू तिथे तोंड उघडू नकोस. आईबाबा गेल्यावर आपल्याला सांभाळायला तिने नाटकाचे दौरे सोडले आणि कधी बोलूनही दाखवलं नाही. इतक्या वर्षांनी तिला तो माइक मिळाला. तो सुटला तर ती अंथरूण धरेल. लोक हसतात ना, हसू देत. कात्री तुझ्याच हातात आहे. खोकला कापतोस तसं हेही काप.

जेवणाची हयगय करू नकोस. आमचा जीव तुम्हा दोघांत आहे हे लक्षात असू दे.

तुझी,
ताई


ता. २० मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. चुका तशा थोड्याच आहेत, त्यांच्या आधीचं थांबणं फार वाढलंय. साध्या शब्दाशी येऊन ती थबकते, श्वास घेते, ओठ उघडतात, मिटतात. मी ते सगळं कापून शब्दाला शब्द भिडवतो. टीव्हीवर बदकमावशी पूर्वीपेक्षाही चुरचुरीत वाटते. आत्याबाईंचं वय उलटं चाललंय, असं दिग्दर्शक सगळ्यांना सांगत सुटलेत.

रविवारी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो होतो. तिला साबण हवा होता. काउंटरपाशी ती थांबली, हात एकमेकांवर चोळून दाखवले आणि म्हणाली, 'ते द्या, हातांचं पांघरूण.' दुकानदाराने तिचा आवाज ओळखला. रांगेतली सगळी माणसं हसली, एका बाईने मुलाला उचलून दाखवलं, अजून एक म्हणा ना मावशी, असा आग्रह झाला. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं ताई, तेच वाईट. आत्याने सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि साबण न घेता बाहेर आली. मी मागे राहून घेतला.

घरी आल्यावर तिने मला समोर बसवलं. म्हणाली की गाढवा, मी काय बहिरी आहे का, मी इतकी भराभर बोलत नाही हे मला टीव्हीवर कळतं. न कापलेलं ऐकव म्हणाली. मी टाळाटाळ केली, पण तुला तिचा स्वभाव माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर तिने माझा हेडफोन लावला आणि शेवटपर्यंत ऐकलं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहू शकलो नाही. हेडफोन काढून ती म्हणाली की ही बाई घाबरलेली आहे. बदकमावशी चुकते, पण घाबरत नाही. तिला वाटतं आपल्याइतकं शुद्ध जगात कुणी बोलत नाही, म्हणून लोक हसतात. घाबरलेल्या बाईला हसवायला बसवणं हा वाईट अभिनय आहे.

मग म्हणाली, माझ्यासाठी कापत होतास हे कळतं रे, पण यापुढे नको.

मला काही सुचत नाही. तिने दिग्दर्शकांना सांगितलं तर काम जाणार, आणि न सांगता ती राहणार नाही. लवकर लिही.

तुझ्या शब्दाची वाट पाहणारा,
धाकटा


ता. २७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

आज थट्टा नाही. तुझं पत्र मी भावजींना वाचून दाखवत होते, उरलेलं अर्धं त्यांनी मला वाचून दाखवलं. काप असं मीच सांगितलं होतं, तो दोष स्वतःकडे घेऊ नकोस. तू सांगू नकोस, मीही सांगणार नाही, तिचं तिला सांगू दे. शेजारच्यांना मुली सांभाळायला सांगून मी येतेय, आपण तिला डॉक्टरांकडे नेऊ. नंतर ती इकडे राहायला येईल का, ते हळूच विचारून ठेव.

मी पोहोचेपर्यंत धीर धर.

तुझी,
ताई


ता. ९ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू परत गेल्यापासून घर फार मोठं वाटतं, दोन खोल्या असूनही. डॉक्टर तुझ्यासमोर बोलले तसंच चाललंय. आधी वस्तूंची नावं जातील म्हणाले होते, ती जातायत. औषधांनी वेग थोडा कमी होईल, एवढीच आशा. तुझ्याकडे येण्याचं पुन्हा विचारलं. म्हणाली की अजून माझी एक विद्यार्थिनी आहे.

आत्याने दिग्दर्शकांना स्वतःच सांगितलं, हे तुला माहीत आहे. तेव्हा ते म्हणाले होते की आत्याबाई, मुलगा कापेल, कुणाला कळणार नाही. तिने नाही म्हटलं. आता नवी मुलगी आली आहे, आवाज बारीक पण कान चांगला. आत्या तिच्या शेजारी बसते. चुकीच्या शब्दाआधी हसायचं नाही, मान तिरकी करायची नाही, छाती काढून म्हणायचं, असं करून दाखवते. अशा वेळी ती जराही अडखळत नाही, आणि मला उगाच वाटतं की डॉक्टरच चुकले.

परवा दिग्दर्शकांनी त्या मुलीला 'दिवा निजव'सारखी वाक्यं द्यायला लेखकाला सांगितलं. मुलांना ती फार आवडली होती म्हणे. आत्या शांतपणे म्हणाली की तेवढी देऊ नका. 'अतिक्रमण' मावशीचं आहे, ते ठेवा. ही माझी आहेत, ही मी घरी नेते. लेखकाने पानाच्या कडेला नुकतीच टिपलेली ओळ खोडली.

नव्या आवाजाचा पहिला भाग आम्ही घरी पाहिला. आत्या दोनदा मोठ्याने हसली. संपल्यावर टीव्ही बंद करून बराच वेळ काळ्या काचेकडे पाहत बसली. मी चहा ठेवला.

सोबत धाकटीसाठी एक पुडकं पाठवतो आहे. आतलं आत्याने दुपारी बसून विणलं, निळ्या लोकरीचं, टाचेला जरा सैल. ती शेजारी बसून मला मजकूर सांगत होती: लिही, धाकटीला म्हणावं, आजीने तुझ्या पायांसाठी हे                पाठवले आहेत. त्या शब्दापाशी ती थांबली. मला तो माहीत होता. पण तिने बजावलंय की शब्द पुरवायचे नाहीत, तिला प्रॉम्प्टर नको. मी पेन उचलून धरलं. ती खिडकीकडे पाहत राहिली, मग हात झटकून उठली आणि म्हणाली की राहू दे, तिला दिसेलच.

म्हणून जागा तशीच ठेवली आहे. पुडकं उघडून धाकटीने ते पायांत घातले की घरी फोन कर, आता लपवायचं काही नाही. फोन आत्याच उचलेल. तू बोलू नकोस, पायांत काय घातलंय ते धाकटीलाच सांगू दे.

भावजींना नमस्कार, मुलींना गोड पापा. आम्हा दोघांवरची माया अशीच राहू दे.

तुझा,
धाकटा