भरदुपारची अरुंधती

बाबा, तुमची अजून शिसारी येते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येते.

खामगावच्या शाळेची गच्ची. कापसाच्या जिनिंग गिरणीचा भोंगा होऊन गेला आहे, दिवे लागले आहेत. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शाळाखात्याकडून आलेली पितळी दुर्बीण तुम्ही लावता. मुलांच्या रांगेत शेवटी मी, मास्तरांची मुलगी. सप्तर्षींच्या शेपटीत वसिष्ठ, त्याला खेटून अंधूक अरुंधती. दुर्बिणीतून बघावं तर वसिष्ठच दोन निघतो. "तिकडे वेधशाळांत म्हणतात, यातला एकेक पुन्हा जोडतारा आहे," तुम्ही सांगता, "पण आपण ते पाहिलेलं नाही. वहीत लिहायचं नाही." एकदा ढग होते म्हणून मी पुस्तकात बघून चित्र काढलं. तुम्ही पान फाडलंत. "न पाहता लिहिणं म्हणजे दुसऱ्याचं उष्टं खाणं." चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मी अकरा वर्षांची होते. मला ते पटलं होतं. अजून पटतं.

मग माझं लग्न. वैशाखातली भर दुपार, मांडवाबाहेर पाय भाजतात. भटजी उत्तरेला बोट दाखवतात, "अरुंधती दिसली?" वर पांढरं, कोरं आभाळ. नवरदेवानं न बघताच मान हलवली. मी म्हटलं, "नाही."

नवरदेवाकडची संग्रामपूरची मंडळी माझ्याकडे वळली. जिला अरुंधती दिसत नाही ती सहा महिने जगत नाही, अशी समजूत. सासूबाई म्हणाल्या, "काऊन हो मास्तर, पोरीचे डोये अधू हायेत का?" नवरदेवाचा काका हसला, "मास्तराची पोर हाय, तिले दुर्बीण आना बे कोनी!"

मी तुमच्याकडे पाहिलं. दिवसा तारा दिसत नाही, एवढंच तुम्ही म्हणायचं होतं. तुम्ही जवळ आलात, टोपी सावरलीत. "दिसली म्हण. हसं करू नकोस." मी 'दिसली' म्हटलं. मग व्याह्यांकडे बघून तुम्ही हसलात, हात जोडून. ते हसणं मला गिळता आलं नाही. मुलीच्या बापाला मांडव मोडायची भीती असते, हे कळतं. कळून शिसारी कमी होत नाही.

त्या दिवाळीला तुम्ही मला माहेरी न्यायला आलात. मी नणंदेकडून निरोप पाठवला, ताप आहे, झोपली आहे. ओट्यावर बसून तुम्ही चहा घेतलात. "झोपू द्या तिला," म्हणालात आणि छकड्यात बसलात. पुढची दिवाळी तुम्ही पाहिली नाहीत.

हे पोचणार नाही म्हणूनच लिहिते. मला ताप नव्हता. दाराआड उभी होते, तुमचा चहा संपेपर्यंत.