मीठ नेहमीसारखं जास्त

प्रिय दादा,

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते तूच सांग. गावच्या शहिदांच्या शिळेवर आज एकदाचं तुझं नाव कोरलं.

समितीचे अध्यक्ष म्हणत होते, "ताई, ते लढताना गेले नाहीत. ते स्वयंपाकी होते." जसा काही तोफगोळा चौकशी करूनच भटारखान्यावर पडला! शाळेत नन्सनी शिकवलेला सगळा सभ्यपणा घरी ठेवून मी सभेला गेले. पण मी तोंड उघडायच्या आत तुझ्या तुकडीतले म्हातारे हवालदार कुबडीवर उभे राहिले.

"अध्यक्षसाहेब, आम्ही काय उपाशीपोटी लढलो? शेवटच्या दिवशीही गोळीबारातून हा पठ्ठ्या गरम जेवण घेऊन खंदकात आला होता. मीठ मात्र नेहमीसारखं जास्त!"

सगळी सभा हसली. अध्यक्षांनी मान डोलावली. माझं भाषण पोटातच राहिलं, याचा राग अजून गेलेला नाही.

पण दादा, आईसुद्धा तुला मिठावरून हेच म्हणायची ना? मला वाटायचं, तुझ्या हातची चव आठवणारी मी एकटीच उरले.

आज माझ्याही भाजीत मीठ जास्त पडलं. तशीच जेवले, पोटभर.

तुझी,
अजूनही भांडखोर धाकटी