रघुजी भोसल्यांच्या वतीनं माफी

भिलाई, सेक्टर १
दि. ९ एप्रिल १९६१

तीर्थरूप पुंडलिकदादा,

धाकट्या सिंधूचा तुमच्या पायावर माथा. एवढ्या दुरून टेकवता येत नाही म्हणून कागदावरच टेकवला (पहिल्या ओळीले लागलं आहे ते कुंकू आहे, शकुवहिनीनं घाबरू नये). तुमची कंबर कशी आहे? तेल चोळून घेता, का शाळेतली पोरं तुम्हाले सांगतात तसे बहाणे तुम्ही वहिनीले सांगता? शालूचा खोकला गेला असंन. इकडे सगळं ठीक आहे. हे कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर शिफ्टले जातात, येतात, जेवतात, झोपतात, अन् पुन्हा जातात. बोलणं होत नाही असं नाही. परवाच "मीठ कमी आहे" म्हणाले.

तुम्ही विचारलं का इतिहासाचा पेपर कसा गेला. सातवीनंतर सोळा वर्षांनी तुम्हीच मले बाहेरून मॅट्रिकचा फॉर्म भराले लावला, तवा विचारण्याचा हक्क तुमचाच. "पोस्टकार्डावर एक ओळ टाक," असं लिहिलं तुम्ही. ती ओळ अशी, का पेपर चांगला गेला. पण दादा, एवढ्यानं माझं मन भरत नाही, म्हणून हे पाकीट.

गणित एकटीनं होते. भूगोलही होते, नकाशा समोर धरला का झालं. इतिहास एकटीनं होत नाही. त्याले कोणीतरी ऐकणारं लागते. सुरुवातीले मी यायलेच पानिपत म्हणून दाखवाले लागली. अब्दाली यमुनेपाशी येऊन पोचला नाही तं हे घोराले लागले. त्यायचीही चूक नाही, भट्टीपाशी आठ तास उभं राहिलेल्या माणसाले मराठे हरले काय अन् जिंकले काय. मग मी भिंतीले म्हणून दाखवलं. इथल्या भिंती नव्या आहेत, सिमेंटच्या, त्याईले अजून काही सवय नाही.

इथले क्वार्टर सगळे एकसारखे, एका साच्यातून काढल्यावानी. पहिल्याच महिन्यात सुपेल्याच्या बाजारातून भाजी घेऊन आली, दार लोटलं, पिशवी ठेवली, माठातलं पाणी घेतलं, अन् पाहते तं खाटेवर एक बाई लोकर विणत बसलेली! घर माझं नाहीच. मी मेल्याहून मेली. तिनं वर पाहिलं, दोन टाके घातले अन् म्हणाली, "बैठो, चाय बनाता है." ह्या शेजारच्या कनिकादीदी. ड्रॉइंग ऑफिसातल्या सरकारबाबूंच्या बायको, माहेर बंगालात काटव्याजवळच्या खेड्यातलं. हिंदी त्याईची अशी का बाई बोलते का बाप्या ते समजत नाही (माझी हिंदी ऐकून त्यायले काय वाटत असंन ते सोडा). तिले लेकरू नाही, मले नाही. त्या गोष्टीवर आम्ही कधी बोललो नाही. म्हणूनच जमलं असंन.

तवापासून रोज दुपारी मी इतिहास म्हणायची अन् ती विणायची. माझी जीभ अडखळली का तिची सुई थांबायची. "फिर से." हर्षवर्धन फिर से, बहामनी फिर से. एका हिवाळ्यात माझा इतिहास झाला अन् सरकारबाबूंचा स्वेटर झाला.

मग फेब्रुवारीत नागपूरच्या भोसल्यांचा धडा आला अन् मी माती खाल्ली.

पुस्तकात चारच ओळी आहेत. रघुजी भोसल्यांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, १७५१ मध्ये ओरिसा मिळवला, बारा लाख चौथाई ठरली. मी खडाखडा म्हटलं. सुई थांबली नाही म्हणून मले चेव आला. मी म्हटलं, दीदी, आमच्या बाबांच्या आज्याचा आजा त्या स्वारीत होता बरं, त्यानं बंगालपर्यंत घोडा नेला! (बाबा दर पोळ्याले हे सांगत, तुम्हाले आठवतच असंन. शेवटी शेवटी तं घोड्याचा रंगही सांगत.)

सुई थांबली. तिनं विचारलं, "तुम लोग बोर्गी है?"

मी म्हटलं, हो! बोर्गी म्हणजे बारगीर, आपले मराठे घोडेस्वार, एवढं समजून अभिमानानं म्हटलं, दादा. मले काय मालूम का त्यायच्या देशात लेकराले झोपवाले तेच नाव घेतात, आपण बागुलबुवाचं घेतो तसं. तिनं लोकरीचा गोळा उचलला, पिशवीत टाकला अन् म्हणाली, "आज सिर दुखता है." ते सिर सतरा दिवस दुखलं.

सतरा दिवस, दादा. भिंतीच्या पलीकडे ती मोहरी वाटायची, आवाज यायचा. मी माझ्या बाजूनं भिंतीपाशी बसून मोठ्यानं वाचायची. मुद्दाम अकबर वाचला, अशोक वाचला, तिले हरकत नसंन असे सगळे वाचले. अडखळूनही पाहिलं. कोणी "फिर से" म्हटलं नाही. अठराव्या दिवशी रव्याच्या करंज्या केल्या, ताट पदराखाली घेतलं अन् रघुजी भोसल्यांच्या वतीनं माफी मागाले गेली. ते काम त्यायच्या घराण्यापैकी कोणी केलं असतं तं बरं झालं असतं, पण सेक्टर १ मध्ये त्यायचं कोणी राहत नाही.

मी म्हटलं, दीदी, आमचा बुढा तलवारवाला नव्हता. गरीब माणूस. घोड्यांसाठी घास कापत असंन.

ती म्हणाली, "घास किसका काटा? हमारा ही खेत का ना?"

मी उंबऱ्यातच ताट घेऊन उभी. मग तिनं सांगतलं. तिच्या सासरच्या घराण्यातली एक म्हातारी, बोर्गी आले तवा, तळ्यात गळ्याएवढ्या पाण्यात दिवसभर उभी होती. डोक्यावर पाणवेली ओढून घेतलेल्या. घरातला पितळेचा गोपाळ तिनं पाण्यात सोडला, लुटीतून वाचाले पाहिजे म्हणून. तो मिळाला नाही. आजही तळं साफ कराले उतरले का लोक पायानं चाचपून पाहतात. हे सांगून झाल्यावर तिनं ताटातली एक करंजी उचलली, मोडली, अर्धी मले दिली अन् म्हणाली, "मीठा कम है." मले एवढा आनंद झाला, यायनं "मीठ कमी" म्हटलं तवा कधी झाला नाही.

पण त्याच बसल्या बसल्या तिनं दुसरी गोष्ट सांगतली. सरकारबाबूंची बदली दुर्गापूरच्या कारखान्यात झाली होती. सतरा दिवसांपैकी नऊ दिवस ती मले हे सांगायचं कसं म्हणूनच गप्प होती. मी समजत होती का रघुजीमुळे!

उरलेले दिवस आम्ही अभ्यासातच घातले. तिचं सामान बांधता बांधता माझे सनावळीचे पाठ. मी ट्रंकेवर बसायची, ती कडी लावायची, १७५१. मी उठायची, दुसरी ट्रंक.

मार्चमध्ये दुर्गच्या केंद्रावर इतिहासाचा पेपर झाला. प्रश्न काय आला ते ऐका: नागपूरच्या भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांची कारणं अन् परिणाम लिहा. मी कारणं पुस्तकातली लिहिली. परिणामात ओरिसा लिहिला, बारा लाख लिहिले, अन् तिसरा परिणाम म्हणून ते तळं लिहिलं, ती म्हातारी, तो पितळेचा गोपाळ. दीड पान. तपासणारा मार्क देईन का नाही ते त्याचं त्यानं पाहावं. पुस्तकात नाही, पण खोटं नाही.

तवा एकंदरीत पेपर चांगला गेला. काळजी करू नये. मी मजेत आहे. बाजूच्या क्वार्टरमध्ये आता दोन बॅचलर इंजिनीअर आले आहेत, ते दिवसभर नसतात, त्यामुळे शांतताही भरपूर आहे. वहिनीले नमस्कार, शालूले गोड पापा.

तुमची,
सिंधू

ता.क. – दादा, तुम्हाले खोटं सांगून मन खात आहे. प्रश्न पाच लिहायचे होते, मी दोनच लिहिले. इतिहासाचा पेपर अन् दीदीची गाडी एकाच दिवशी होती, अन् गाडी पेपर सुटण्याच्या आधी दुर्गहून निघणार होती. मी उत्तराची कॉपी परत दिली तवा तिथले मास्तर म्हणाले, "बाई, अभी तो आधा टाइम बाकी है." मी म्हटलं पोट दुखते. रिक्शा करून स्टेशनावर गेली. दीदी खिडकीपाशी बसली होती. "पेपर हो गया?" "हो गया." "पूरा?" "पूरा." तिनं स्टेशनच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझा हात खिडकीतून आत ओढला अन् पदराच्या टोकानं माझ्या बोटावरची शाई पुसत बसली. शाई काही निघाली नाही. गाडी हलली तवा हात सोडला. यायले यातलं सांगू नका. नापास झालीच तं इतिहास फार कठीण होता असं पत्र टाका, तुमचं ते ऐकतात.

आणखी ता.क. – खरं काम राहूनच गेलं. तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरले जाणार आहात, तवा बंगाली अक्षरं शिकण्याचं पुस्तक शोधा. अगदी पहिलीचं, चित्रांचं. दीदीले बोलता हिंदी येते, पण लिहिता-वाचता बंगालीच येते, हे आमच्या दोघींच्या ध्यानातच आलं नव्हतं. परवा तिचं पत्र आलं, चार पानं. इथे वाचून देणारे बाबू पुष्कळ आहेत, पण ते पत्र मले बाप्यांच्या तोंडून ऐकायचं नाही. दुपारी उघडून बसते. एक अक्षर सारखं सारखं येते, ते 'स' असावं असं मी ठरवलं आहे. त्या हिशेबानं माझं नाव सात ठिकाणी आहे. चूक असंन, पण पुस्तक येईपर्यंत सातच राहू द्या.