अर्धा राहिलेला रहस्यपट

नवरोबा,

भाजी ओट्यावर झाकून ठेवली आहे, भात तुझा तू लाव. आई आणि मी तुझ्या ताईकडे चाललो आहोत.

काल माझ्या मैत्रिणींसमोर नवा थ्रिलर लावला आणि दहा मिनिटांत तू खुनी कोण ते सांगून मोकळा झालास. तू थिएटरात प्रोजेक्टर चालवतोस, तुला सगळं आमच्याआधी दिसतं, मान्य. पण म्हणून आमच्या तोंडचा घास काढून घ्यायचा? विनोदी सिनेमाचंही तेच. जुन्यांत विनोद सावकाश येतो, मी हसायच्या तयारीत बसते आणि तू तो आधीच म्हणून टाकतोस. नव्यांत हसण्यासारखं काही नसतं, तिथे मात्र गप्प.

आता ऐक. लहानपणी घरी टीव्हीवर बघताना वीज गेल्यामुळे तुझा जो रहस्यपट अर्धा राहिला, जो तू इतकी वर्षं शोधतो आहेस, त्याची डिस्क मला सापडली. सकाळी आईंनी आणि मी मिळून पाहिला. हल्लीच्या थ्रिलरना त्याची सर नाही. खुनी सारखा डोळ्यांसमोर होता, तरी आम्हाला पत्ता लागला नाही.

कोण ते सांगणार नाही. डिस्क माझ्या बॅगेत आहे. आईंना फोन करू नकोस, त्यांनीही तोंडाला कुलूप लावलंय.

एक शेवट मात्र तुझ्यासारखाच, न विचारता सांगते. त्या दिवशी वीज गेलीच नव्हती. तुझी बडबड असह्य होऊन आईंनीच मेन स्विच बंद केला होता.