सगळी पापं इथं आणून ठेवा

साखर पेठ, सोलापूर
१० ऑगस्ट १९७८

ती. रंभाआक्का हिस,
धाकट्या जोतीरामचा प्रभूच्या नावानं सलाम. वि. वि.

तुझं कार्ड पोहोचलं. गुडघा अजून धरतो हे वाचून तुझ्या भावजयीला, बजाला, चैन पडेना. तिनं निर्गुडीचा पाला वाळवून ठेवला आहे. कुर्डुवाडीकडे जाणारं कोणी भेटलं की पाठवतो. दाजींना वर्कशॉपात दिवसपाळी मिळाली हे फार बरं झालं.

आमची हकीकत अशी. करकंबची शाळा सोडून मी प्रचारक झालो आणि या पेठेत आलो, त्याला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. आलो तेव्हा इथल्या ख्रिस्ती मंडळीत सात घरं होती, आता पाच आहेत. रविवारी उपासनेला अकरा माणसं असतात. त्यांत मी, बजा आणि पेटी वाजवणारे चनबसप्पा शिंपी धरलेच आहेत.

परवा मोठ्या मंडळीच्या कमिटीचं पत्र आलं. डिसेंबरअखेर मंडळीच्या यादीवर पंधरा नावं झाली नाहीत तर ही उपासनेची खोली बंद करायची, आमच्या माणसांनी मोठ्या देवळात जायचं आणि मला दुसरीकडे नेमायचं, असं ठरलं आहे. पत्र सौम्य भाषेत आहे आणि त्यात खोटं काही नाही. पण आमच्यातल्या दोन म्हाताऱ्यांना तिथवर चालवणार नाही. ते घरी बसतील आणि मग घरीच राहतील.

दोष माझाही आहे. गल्ली सगळी विणकरांची, घराघरांत तेलुगू. मी बोलतो शाळामास्तरचं मराठी. बायका लेकरं काखेत मारून सकाळी सातला विडी कारखान्यात जातात, त्या आमच्या दारावरूनच. माझ्याकडे बघून हसतात, पण थांबत कोणी नाही. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी माणसाला असं वाटू नये, पण वाटतं, की देवानं मला चुकीच्या दारात उभं केलं.

तू प्रार्थना कर. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
जोतीराम


कुर्डुवाडी
१८ ऑगस्ट १९७८

चि. जोतीराम यास आक्काचा अनेक आशीर्वाद. बजाला पोटाशी धरल्याचं सांग.

तुझं पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचलं. देवानं चुकीच्या दारात उभं केलं म्हणतोस, तर देवाला दारं कळत न्हाईत आणि तुला कळतात व्हय? असलं पुन्हा लिहू नको.

आता राग येईल असं लिहिते. तुझा उपदेश लई लांब असतो. गेल्या नाताळात मी दोनदा डुलक्या घेतल्या आणि जागी झाले तरी तू त्याच डोंगरावर होतास. करकंबला तुझ्या वर्गातली पोरं झोपायची, ती काय उगाच? माझं ऐक. आतल्या अकरांना रोज ऐकवतोसच. एका रविवारी दार उघडून पायरीवर उभा राहा, नळावर बायका असतील त्यांच्याकडे तोंड कर, आणि एकच वाक्य बोल. एकच! आणि गप बस. माणसाला घरी नेता येईल एवढंच द्यावं.

निर्गुडीचा पाला पाठव. ह्यांचा सलाम.

डोक्यावर माझा हात आहे असं समजून राहा.

आक्का


साखर पेठ, सोलापूर
१ सप्टेंबर १९७८

ती. आक्का,
जोतीरामचा सलाम. वि. वि.

तुझं ऐकलं, आणि काय होऊन बसलं ते वाच.

रविवारी सत्तावीस तारखेला उपासना संपल्यावर मी पायरीवर उभा राहिलो. नळावर बारा-पंधरा बायका होत्या. आठ दिवस घोकलेलं वाक्य मी मोठ्यानं म्हणालो, की बायांनो, तुमची सगळी पापं इथं आणून ठेवा आणि हलक्या होऊन कामाला जा, ती सांभाळणारा समर्थ आहे.

आक्का, बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्यात काशम्मा म्हणून एक आहे, बोलायला खणखणीत, नवरा मागावर असतो. तिनं घागर खाली ठेवली आणि विचारलं, की सगळी आणायची? मी म्हणालो, सगळी, कितीही असोत. तिनं विचारलं, द्यायचं काय? मी म्हणालो, काहीच नाही, हे फुकटचं दान आहे. तिनं विचारलं, कधी आणू? मी म्हणालो, उशीर कशाला? मग उद्या सातला आणते म्हणाली आणि घागर उचलून गेली. मी आत येऊन गुडघे टेकले. डोळ्यांतलं पाणी थांबेना. दोन वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं.

सोमवारी सातला दारात नऊ बायका, आणि प्रत्येकीच्या काखेत एक लेकरू. काशम्मानं तिचं दहा महिन्यांचं पोर माझ्या हातात दिलं, संध्याकाळी येते म्हणाली आणि चालू लागली. मी उभाच. बजानं काही न विचारता ते पोर माझ्याकडून घेतलं, सतरंजी अंथरली आणि बाकीची एकेक करून आत घेतली.

उलगडा केला चनबसप्पांनी. ते चार भाषांत कपडे शिवतात. तेलुगूत पाप म्हणजे तान्हं लेकरू, हे त्यांनी सांगितलं आणि मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून भिंतीला टेकून हसत बसले. मी गल्लीला ओरडून सांगितलं होतं, की सगळी लेकरं इथं आणून ठेवा आणि मोकळ्या होऊन कामाला जा.

संध्याकाळी मी काशम्माला गैरसमज सांगायला निघालो होतो. बजा म्हणाली, जा, सांगा, पण आधी हे जरा धरा, आणि एक रडतं लेकरू माझ्या खांद्यावर टाकलं. त्याच्या अंगाला तंबाखूचा वास येत होता. ही लेकरं कारखान्यात आयांच्या मांडीशेजारी दिवसभर तो खकाणा छातीत घेतात. माझ्या खांद्यावर खोकून खोकून ते झोपलं. मग मी गेलो नाही. मंगळवारी अकरा आली.

आता मी काय करू? मी असत्यावर उभा आहे आणि ते असत्य दूध मागतं आहे.

वाट पाहतो.

तुझा
जोतीराम


कुर्डुवाडी
८ सप्टेंबर १९७८

चि. जोतीराम यास आशीर्वाद.

ह्यांना तुझं पत्र वाचून चहाचा ठसका लागला. शेजारची केराबाई पळत आली, तर तिलाही वाचून दाखवलं. आता वर्कशॉपभर झालंय. ह्यांना लोक विचारतात, मेहुण्याकडं किती पापं जमली?

काय करू विचारतोस. सांभाळ! शब्द तोंडातून गेला, तो नऊ जणींनी खरा मानला. असत्य कुठं आलं त्यात? तुझी जीभ एक बोलली आणि देवानं दुसरं ऐकवलं, एवढंच.

चार जुनी लुगडी पाठवली आहेत, झोळ्यांना. गाठोड्यात तळाशी दुपटं आहे. तुमच्या लेकराला मी शिवलं होतं, ते वापरायला लेकरू राहिलं न्हाय. एकवीस वर्षं माझ्या ट्रंकेत पडून होतं. बजाच्या हातात दे आणि तू बाजूला हो. काय करायचं ते तिचं तिला कळेल.

आता एक सांगते ते डोक्यात ठेव. कमिटीला कळलं की ते म्हणतील, ह्या आयांची नावं यादीत घाल. तुला आठवत न्हाय, तू रांगत होतास. दुष्काळात एक प्रचारक घरी दुधाची भुकटी द्यायचा आणि डबा हातात द्यायच्या आधी नाव लिहून घ्यायचा. आईनं डबा घेतला, नाव दिलं आणि दार लावून रडली. पुढं चार वर्षं तिनं देवळाची पायरी चढली न्हाय. चढली ती तो प्रचारक बदलून गेल्यावर, कोणी बोलावलं न्हाय तेव्हा. दूध आणि नाव एका हातानं घेऊ-देऊ नको.

गुडघा बरा आहे. पाल्यानं उतार पडला.

आक्का


साखर पेठ, सोलापूर
२५ ऑक्टोबर १९७८

ती. आक्का,
सलाम. वि. वि.

लुगडी मिळाली. आता नऊ झोळ्या टांगल्या आहेत आणि लेकरं बावीस. दुपटं बजाच्या हातात दिलं. ती ते घेऊन मागच्या अंगणात गेली आणि धुऊन वाळत घालून आली. दुसऱ्या दिवशी ते काशम्माच्या पोराखाली होतं. मंडळीतले दोन म्हातारे सकाळपासून येऊन बसतात. एकजण झोळीची दोरी हलवतो, दुसरा त्याला हळू हलव म्हणून रागावतो.

रविवारी मात्र आम्ही अकराच.

तू लिहिलंस तसंच झालं. कमिटीचे सिद्धप्पा मास्तर येऊन गेले. मनानं चांगले आहेत. झोळ्या पाहून त्यांचे डोळे भरले. मग यादीचा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, की जोतीराम, या बावीस आयांपैकी चारच नावं बाप्तिस्म्याच्या उमेदवार म्हणून लिही, खोली वाचेल, लेकरंही वाचतील; उद्या त्या येतीलच, आपण आज लिहितो इतकंच.

आक्का, तुझ्यापासून लपवत नाही. मी लिहिलं. बाराव्या ओळीवर काशम्माचं नाव माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं. बजा दारात उभी होती. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, आणि मला एकदम आपल्या आईचा लावलेला दरवाजा दिसला. मी नाव खोडलं. दुसरा कागद नव्हता, म्हणून खोडलेलाच कागद मास्तरांना दिला. ते खिन्न होऊन गेले. चोवीस डिसेंबरला किल्ली घ्यायला येतील.

आता बावीस घरांना सांगायला हवं, की वर्षअखेर हे बंद होणार. आणि तेवढं सांगायचं तर ते पाप कोणतं होतं, हेही सांगायला हवं. जीभ उचलत नाही. लोक मला दयाळू समजतात, आणि मी तर फक्त शब्दात फसलेला माणूस आहे.

सांभाळून घे.

तुझा
जोतीराम


कुर्डुवाडी
२ नोव्हेंबर १९७८

चि. जोतीराम यास आशीर्वाद.

खोडलंस ना? मग लिहिलंस ते मी विसरले. तूही विसर.

पण बायांना तूच सांग, दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नको. त्याच पायरीवर उभा राहून सांग. आणि थोडक्यात! त्या दिवशी फसलास तो पहिला दिवस धरू. दुसऱ्या दिवशी दार कोणी उघडलं? तेव्हाही शब्दानं फसवलं होतं व्हय?

नाताळाला यायचं होतं, पण डॉक्टर गुडघ्यावरून रागावले. करंज्या पाठवते. मोडल्या तर मोडक्या खा.

आक्का


साखर पेठ, सोलापूर
२ जानेवारी १९७९

ती. आक्का,
नव्या वर्षाचा सलाम. वि. वि.

करंज्या अर्ध्या मोडल्या होत्या. त्या लेकरांनी संपवल्या, अख्ख्या होत्या त्या म्हाताऱ्यांनी.

चोवीस तारखेची हकीकत सावकाश लिहितो. आदल्या दीड महिन्यात माझं धाडस झालं नाही, हे आधी कबूल करतो. सिद्धप्पा मास्तर सकाळीच आले. उपासना झाली, आम्ही अकरा होतो. मग मी पायरीवर गेलो. नळावर सगळ्या होत्या. मी म्हणालो, की बायांनो, ऑगस्टात मी पाप म्हणालो ते तुमच्या लेकरांना नव्हे. माणसाच्या हातून वाईट घडतं त्याला म्हणालो होतो. तुमचा गैरसमज झाला आणि मी तो तसाच राहू दिला. आता ही खोली बंद होते आहे, मला क्षमा करा.

काशम्मा हसायलाच लागली. मग नळावरच्या सगळ्याच. ती म्हणाली, की मास्तर, मी ह्याच सोलापुरात जन्मले, नवी पेठेत जाऊन मराठीत भांडून कापड आणते, आन मला पाप कळत न्हाय व्हय? आमच्या तेलुगूत बी पाप म्हणजे पाप असतंच की! तुमी काय बोलता ते पहिल्या दिवशीच कळलं हुतं. पर पोर खोकून खोकून निळं पडत हुतं. मनात म्हटलं, हा माणूस सगळी आणा म्हणतोय, तर बघू तरी, बोलल्यासारखा वागतो का. तुमच्या बाईनं हात पुढं केले. मग आमी रोज आणलं.

आक्का, चार महिने मी समजत होतो की गल्ली माझ्या शब्दाला फसली. गल्लीनं मला शब्दाला धरलं होतं.

सिद्धप्पा मास्तर मागे येऊन उभे होते. त्यांच्या हातात यादी होती. त्यांनी काशम्माला विचारलं, की बाई, तुमचं नाव काय? तिनं सांगितलं. त्यांनी कागदावरची खोडलेली ओळ पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि ते नाव इथं लिहून खोडलेलं आहे असं तिला सांगितलं. माझे कान तापले. मग ती म्हणाली, की लिवलेलं मला कळलं असतं तर पोर उचलून नेलं असतं. खोडलं हाय न्हवं? मग आत येऊन बसते. आणि ती आत येऊन सतरंजीवर बसली. तिच्यामागून सहा-सात जणी आल्या, घागरी बाहेर ठेवून. मास्तरांनी कोणाचंही नाव विचारलं नाही. एकीनं आत येताच झोळीत टाकलेलं लेकरू कुरकुरलं, तर ते स्वतः जाऊन दोरी हलवत बसले.

जाताना किल्ली मागायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, की राहिलं होतं, ते मला ठाऊक नाही. काल त्यांचं कार्ड आलं. कमिटीला त्यांनी कळवलं आहे, की यादीवर अकरा, खोलीत वीस, झोळीत बावीस. पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, ईस्टरपर्यंत, खोली राहू द्यावी असं ठरलं. पुढचं पुढे.

एक राहिलं, ते तुला सांगितल्याशिवाय पत्र मिटवत नाही. काल संध्याकाळी काशम्मा पोर न्यायला आली. बाकीच्या गेल्या तरी ती दारात थांबली. पोर दुपट्यात गुंडाळलेलं, झोपलेलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि नेहमीचा खणखणीत आवाज एकदम खाली आणून विचारलं, की मास्तर, ती दुसरी पापं, तुमी खरी म्हणत हुता ती, ती बी हितं ठेवून घेता का?

माझ्याजवळ दोन वर्षांचा उपदेश तयार होता. मला तुझ्या डुलक्या आठवल्या.

मी म्हणालो, व्हय.

ती आत आली.

बजाचा सलाम. अंतर असलं तरी हात असाच डोक्यावर राहू दे.

तुझा
जोतीराम