बाबांच्या दोनशे बारा मेंढ्या

क्लुज, ९ ऑक्टोबर २००१

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल. वसतिगृहात खोली मिळाली, खिडकीला काचही आहे. पण सरकारी मदतीचा अर्ज परत आला. कचेरीतल्या बाईंनी आपल्या ग्रामकचेरीचा दाखला दोनदा वाचला आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, की दोनशे बारा मेंढ्यांच्या मालकाची लेक मदत मागते, मग गरिबांनी काय देशाला कर्ज द्यायचं? सगळे हसले. आता खोलीतल्या मुली मला जमीनदारीण म्हणतात आणि चीज मागतात.

बाबा, आपल्या सातच ना? एकतीस तारखेच्या आत दाखला दुरुस्त होऊन यायला हवा. मदत नाही तर खोली नाही, आणि खोली नाही तर मी नाताळाआधीच बोचकं बांधून घरी. ग्रामकचेरीत दाखले लिहिणाऱ्या सावेतामावशींना म्हणावं, सरळ शून्य लिहा. कोण बघतंय?

आईला नमस्कार. लोभ असावा, मेंढ्यांवर आहे तेवढा तरी.
तुमची युस्टिना

वालेआ कोर्नुलुई, १५ ऑक्टोबर

चि. युस्टिना हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

चूक माझी. यंदा गावच्या कळपाचा कारभारी मी. उन्हाळ्यात गुरांचे डॉक्टर डोंगरावर मोजणीला आले, तेव्हा साऱ्या गावच्या मेंढ्या एकत्र चरत होत्या आणि वर माझ्याशिवाय कोणी नव्हतं. त्यांनी सगळ्या माझ्या नावावर लिहिल्या, मी खाली सही केली. खरं सांगतो, आकडा पाहून क्षणभर बरंही वाटलं. त्याचंच हे फळ.

शून्य मात्र लिहवून घेणार नाही. दर रविवारी ज्याच्यासमोर उभा राहून स्तोत्रं म्हणतो, त्याला सातही ठाऊक आहेत.

काल चर्चमध्ये प्रार्थनेनंतर सगळ्यांना विनवलं, की आपापल्या मेंढ्या आपापल्या नावावर करून घ्या. सगळे एकदम छतावर रंगवलेले संत पाहू लागले. कागदावर गरीब राहण्यात प्रत्येकाचं काही ना काही सुख असतं. शेवटी म्हातारी परास्किवा उठली नि म्हणाली, की माझ्या तीन लिहा, या वयात मला खालच्या सरकारची कसली भीती! मग लाजेकाजेनं बाकीचेही हलले. आज सावेताच्या दारात रांग होती.

उरल्या अकरा. त्यांच्या कानांवरची खाच पोरंसुद्धा ओळखतात. त्या नेकिता सरपंचाच्या. पण त्यानं वरच्या कचेरीला लिहून दिलंय, की आपल्याकडे एकही मेंढी नाही. आणि दाखल्यावर सही त्याचीच लागते. तुझी आई म्हणते, मग त्याही आपल्याच, काढा लोकर. मी तिला गप्प केलं. जरा उशिरानंच केलं, क्षणभर मलाही मोह झाला होता.

अभ्यास कर, पोटभर जेव.
तुझा बाबा, गाव्रिल

क्लुज, १९ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बाईंना विचारलं. दहाच्या वर एकही मेंढी चालणार नाही, म्हणजे आपल्या सात नि त्या अकरा मिळून अठरा झाल्या, की मदत गेलीच. सरपंचकाकांना सांगा, अकरांचा रस्सा करून साऱ्या गावाला जेवू घाला, पुण्य लागेल. चेष्टा करते आहे, पण पेटी पलंगाखालून काढून ठेवली आहे.

आशीर्वाद असावेत.
युस्टिना

वालेआ कोर्नुलुई, २६ ऑक्टोबर

चि. युस्टिनास आशीर्वाद. वि. वि.

आज संत दुमित्रूचा सण. रिवाजाप्रमाणे कळप डोंगरावरून उतरवला आणि चौकातल्या कुंपणातून ज्यानं त्यानं खाच पाहून आपल्या मेंढ्या नेल्या. काल नेकिताच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. तो म्हणाला, सणानंतर बघू. आपल्या सात तुझ्या आईनं नेल्या. मागे अकरा राहिल्या, नि सरपंच हात मागे बांधून ढग पाहत उभा.

मी कुंपणाचं दार उघडलं आणि बाजूला झालो. एवढंच केलं. अकराही एका रांगेत रस्ता ओलांडून त्याच्या फाटकाशी जाऊन ओरडू लागल्या. त्याच्या बायकोला, फ्लोआरेला, कुठलं राजकारण! तिनं फाटक उघडलं आणि साऱ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाली, की आल्या गं माझ्या बाया, किती वाळल्यात, मेल्या गाव्रिलनं उपाशी मारलं! लोक पोट धरून हसले. नेकिता लाल झाला, मग पांढरा, मग तोही हसला आणि मला म्हणाला, की आण बाबा तो कागद. सावेतानं तिथेच गुडघ्यावर वही उघडली.

दाखला बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. चीजही आहे, मुलींना दे.

देव पाठीशी आहे.
बाबा

क्लुज, ६ नोव्हेंबर

ती. बाबा व आई यांस,
सा. न. वि. वि.

यादी लागली. नाव आहे, शेवटून दुसरं, पण आहे.

दाखला घेताना बाईंनी विचारलं होतं, की तीन आठवड्यांत दोनशे पाच मेंढ्या गेल्या कुठे. मी म्हटलं, आपापल्या घरी. त्यांनी शिक्का मारला.

मी मात्र जूनपर्यंत इथेच. माझी वाट पाहा, पण घाई करू नका.
तुमची युस्टिना